दोन अँप्लिफायरमधला फरक कानांनी कसा पारखावा

नवा अँप्लिफायर जोडल्याबरोबर आवाज खुलल्यासारखा वाटतो आणि ते वाटणे खोटे नसते. मात्र तो फरक उपकरणामुळे पडला की त्याची किंमत ठाऊक असल्यामुळे, हे नुसते ऐकून ठरवता येत नाही. ते ठरवायचे असेल, तर पुढील चाचणी घरच्या घरी करता येते.

सर्वांत जास्त काळजी आवाजाची पातळी जुळवताना घ्यावी, कारण बहुतेक तुलना इथेच फसतात. अर्ध्या डेसिबलने मोठा असलेला आवाज मोठा म्हणून सहसा ओळखू येत नाही, तो अधिक स्पष्ट आणि भरदार वाटतो. शिवाय आवाज लहान असताना आपल्याला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच मोजून दाखवले होते. म्हणून 1000 हर्ट्झचा अखंड स्वर हळू आवाजात वाजवावा, स्पीकरच्या दोन टोकांवर एसी व्होल्टवर लावलेला मल्टिमीटर धरावा आणि दोन्ही अँप्लिफायरचे आकडे एक टक्क्याच्या आत आणावेत. एकावर 1.00 आणि दुसऱ्यावर 1.06 व्होल्ट दिसत असतील, तर तोच अर्धा डेसिबल झाला. टोके एकमेकांना चिकटू देऊ नयेत.

आवाजातले बारकावे स्मरणात काही सेकंदच टिकतात. त्यामुळे काल ऐकलेल्या उपकरणाची आजच्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. दहाएक सेकंदांचा एकच तुकडा घेऊन शक्य तितक्या झटपट अदलाबदल करावी. डोकेही एकाच जागी ठेवावे, कारण 5000 हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जेमतेम 7 सेंटिमीटर असते आणि थोडेसे सरकले तरी कानाशी येणारा आवाज बदलतो.

आता अदलाबदलीचे काम दुसऱ्याकडे सोपवावे. त्याने दर वेळी नाणे उडवून कोणता अँप्लिफायर लावायचा ते ठरवावे, पडद्याआड राहावे आणि बोलू नये. आपण उत्तर कागदावर लिहीत जावे. फेऱ्या आधीच ठरवाव्यात आणि मधेच थांबू नये. सोळापैकी बारा किंवा अधिक उत्तरे निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते, तेव्हा तितकी जमली तर फरक ऐकू येतो असे मानायला हरकत नाही. न जमल्यास फरक नाहीच असे सिद्ध होत नाही, पण त्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारणही उरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्पीकरची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यातले फरक खरोखर मोठे असतात, तरीही टूल आणि ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांच्या 1994 च्या प्रयोगात स्पीकर डोळ्यांसमोर असताना श्रोत्यांनी दिलेले गुण बदलले होते. म्हणून स्पीकरही पडद्याआडच ऐकावेत आणि दोन्ही आळीपाळीने खोलीतल्या एकाच जागी ठेवावेत, नाहीतर स्पीकरऐवजी भिंतींचीच तुलना होते.