लिंकिंग व्हर्ब ओळखायची सोपी खूण

इंग्रजी वाक्यातल्या क्रियापदाच्या जागी ‘इज’ किंवा ‘वॉज’ घालून बघा. अर्थ जुळला तर ते लिंकिंग व्हर्ब, म्हणजे कर्त्याला त्याच्या वर्णनाशी जोडणारं क्रियापद. ‘द सूप टेस्टेड सॉल्टी’चं ‘द सूप वॉज सॉल्टी’ सहज होतं. ‘ही टेस्टेड द सूप’चं मात्र ‘ही वॉज द सूप’ होईल, म्हणजे तिथे चाखण्याची खरी क्रिया आहे. लुक, स्मेल, फील, साउंड, ग्रो, टर्न ही सगळी अशीच दुहेरी; सीम तेवढं लिंकिंगच.

खरा फायदा पुढच्या शब्दाला होतो. लिंकिंग व्हर्बनंतर कर्त्याचं वर्णन येतं, क्रियेचं नाही. म्हणून तिथे क्रियाविशेषण नको, विशेषण हवं. ‘हर व्हॉइस साउंड्स ब्युटिफुल’ म्हणा, ब्युटिफुली नको. ‘शी सिंग्ज’नंतर मात्र ब्युटिफुलीच.