बंद कारखान्याच्या जागेवर घरं: मुंबईत आधी काय तपासायचं

मिळकत पत्रिका आणि डीपी रिमार्क (विकास आराखड्यात त्या जागेची काय नोंद आहे ते सांगणारा महापालिकेचा दाखला) आधी काढा. भाडेपट्ट्याची जमीन असेल तर मूळ मालकाची परवानगी वेगळी लागते. मग विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ नुसार औद्योगिक पट्ट्याचा वापरबदल मागा. अनेक प्रकरणं अडतात ती कामगारांच्या देण्यांवर. कामगार आयुक्तांचा ना हरकत दाखला मिळेपर्यंत पुढे सरकूच नका. ती देणी घामाची आहेत.

माती सरसकट तपासून भागत नाही. बॉयलर, रंगखातं, तेलाची टाकी यांच्याखाली बोअर घेऊन खोलवरच्या मातीचे नमुने काढा. लादी उचलल्यावर काळी, तेलकट, रॉकेलच्या वासाची माती दिसली, तर पाया खणण्याआधीच प्रयोगशाळेत पाठवा. अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे फोडू नका, ओले करून अख्खे उतरवा.