पॉइंट टू-टू रायफलीत बदल करण्यापूर्वीची तयारी

हौशी नेमबाजीच्या पॉइंट टू-टू (सुमारे ०.२२ इंच व्यासाच्या गोळीच्या) रायफलीत सुधारणा करावयाची असल्यास सुटे भाग मागवण्याआधी परवान्याच्या अटी वाचाव्यात; दस्ता किंवा दुर्बीण बदलणे आणि नळी किंवा चापाच्या यंत्रणेला हात लावणे यांकडे कायदा एकाच नजरेने पाहील असे नाही, आणि दुसऱ्या प्रकारचे काम जाणकार शस्त्रकारागिराकडूनच करून घेणे इष्ट. मग मॅगझीन (काडतुसांची पेटी) काढून, बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा) उघडून, चेंबर (नळीतील काडतूस बसण्याची जागा) रिकामे असल्याची प्रत्यक्ष डोळ्यांनी खात्री करावी आणि यंत्रणा दस्त्याशी जखडणारे स्क्रू उत्पादकाने दिलेल्या मापाइतके आवळलेले आहेत का, ते टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, तपासावे. ढिल्या स्क्रूचे खापर नळीवर फुटते आणि खर्च वाया जातो.

यानंतर काडतुसांची परीक्षा घ्यावी. माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आणि सर्वाधिक टाळली जाणारी पायरी हीच. ही रायफल ज्या रिमफायर प्रकारच्या काडतुसावर चालते, त्याचे स्फोटक मिश्रण तळाच्या कडेत भरलेले असते आणि ते एकदा उडाले की ते काडतूस पुन्हा भरणे व्यवहारात शक्य नसते; त्यामुळे आपल्या नळीला मानवेल असा दारूगोळा घरी जुळवता येत नाही, बाजारातूनच निवडावा लागतो. ४० ग्रेनच्या, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमच्या गोळीची चार-पाच प्रकारची काडतुसे आणून, टेकूवरून, शांत हवेत, ५० मीटरवर प्रत्येक प्रकाराचे पाच-पाच गोळ्यांचे काही गट (एकाच बिंदूवर नेम धरून झाडलेल्या गोळ्यांचे पुंजके) मारावेत आणि लॉट (उत्पादनाची एक खेप) क्रमांकासह नोंदवून ठेवावेत, कारण एकाच नावाच्या दोन लॉटांतही फरक पडतो. प्रकार बदलल्यावर पहिल्या काही गोळ्या हिशेबात धरू नयेत. नळीत आधीच्या वंगणाचा थर असतो. पेटीवर छापलेल्या वेगाचा मोह टाळावा. ध्वनीच्या वेगाहून, म्हणजे सेकंदाला साधारण ३४० मीटरहून जलद सुटलेली गोळी वाटेत त्या वेगाखाली उतरताना डळमळू शकते. म्हणून कागदी लक्ष्यासाठी त्याहून किंचित मंद, ‘स्टँडर्ड व्हेलॉसिटी’ काडतुसे बहुधा अधिक उपयोगी पडतात.

पैसे खर्च करावयाचेच असतील तर आधी दस्त्यावर करावेत. डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, गाल सहज टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. दुर्बिणीतले चित्र पूर्ण दिसण्यासाठी मान उचलावी किंवा दाबावी लागत असेल, तर गालाखालचा आधार आणि दस्त्याची लांबी बदलण्याजोगी हवी. दुर्बीण घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. तिचे पॅरलॅक्स (डोळा हलला की नेमाची खूण लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसण्याचा दोष) ५० मीटरच्या आसपास जुळवलेले किंवा जुळवता येणारे असावे, आणि तिच्या कड्या रायफलीवरील पट्टीच्या प्रकाराला बसणाऱ्या असाव्यात. ११ मिलिमीटरची डोव्हटेल आणि पिकाटिनी पट्टी एकमेकींना चालत नाहीत. दुर्बिणीच्या खुंटीची पाव मिनिटाची (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक नेम ५० मीटरवर सुमारे साडेतीन मिलिमीटर सरकवते, आणि तिथे जुळवलेली मंद गोळी १०० मीटरवर पंधरा-वीस सेंटीमीटर खाली जाते, हे गृहीत धरून दुर्बिणीतील चढ-उताराची मर्यादा तपासावी.

चाप गुळगुळीत सुटावा, पण अतिहलका नसावा. काम झाल्यावर रिकाम्या रायफलीचा बोल्ट जोराने बंद करून आणि सुरक्षाखटका लावून-काढून यंत्रणा आपोआप सुटत नाही ना, हे पाहावे. अशा तपासणीत चेंबरमध्ये स्नॅप कॅप (सरावाचे निर्जीव काडतूस) ठेवावी, कारण अनेक रिमफायर रायफलींत काडतुसाविना चाप ओढल्यास आघात करणारी पिन चेंबरच्या काठावर आदळून खाच पाडते. नळी बदलण्याचा विचार सर्वांत शेवटी, तोही वरील सारे करूनही गटातील गोळ्या जवळजवळ पडत नसतील तरच.

प्रत्येक वेळी एकच भाग बदलावा आणि त्याच लॉटच्या काडतुसांनी पुन्हा गट मारावेत; दोन बदल एकदम केले तर सुधारणा कशामुळे झाली हे कळत नाही. त्यासाठी निवडलेल्या लॉटच्या पेट्या आधीच पुरेशा घेऊन ठेवाव्यात. साफसफाईची सळई शक्य असेल तिथे मागच्या बाजूनेच घालावी, म्हणजे नळीच्या तोंडाची कडा झिजत नाही. चाचणीच्या दिवशीच्या सामानात चष्मा, कानांचे संरक्षण आणि नोंदवही असावी, आणि शिशाचे अंश हातांना लागत असल्याने रेंजवरून निघताना साबणाने हात धुवावेत.