हँडलबार रायझर लावताना ब्रेकचा होज कसा वळवावा
रायझरने (बाइकचं हँडल उंच करायला त्याखाली बसवायचा तुकडा) हँडल 20-30 मिमी वर गेलं की पुढच्या ब्रेकचा होज, म्हणजे ब्रेक ऑइलची नळी, ताणला जातो. म्हणून बोल्ट पक्के आवळण्याआधी पुढचं चाक उचलून फोर्क (पुढचं सस्पेन्शन) पूर्ण लांबू द्या आणि हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवा. ताण इथेच दिसतो. बऱ्याचदा होजची वरची क्लिप सोडून तो केबलींच्या पुढून घेतला की भागतं. होज मोकळा मात्र सोडू नका, टायरला घासेल. बँजोचा (होजच्या टोकाची गोल जोडणी) कोन बदलण्यासाठी बोल्ट सैल केलात, तर दोन्ही वॉशर नवे घाला, ब्लीडिंग करा, म्हणजे ब्रेक ऑइलमधली हवा काढा. तरीही ताण राहिला तर जुगाड नको, लांब होजच घ्या. शेवटी इंजिन चालू ठेवून हँडल वळवा: आरपीएम वाढला तर थ्रॉटल केबल ओढली जातेय.