पेशी आणि आरोग्य कृतीतून शिकवताना या चुका टाळा

गालाच्या पेशी पाहण्यापासून नाडी मोजण्यापर्यंत, पेशी आणि आरोग्याच्या सवयी शिकवण्यासाठी भरपूर कृती आहेत. त्या फसतात तेव्हा दोष बहुतेकदा साहित्याचा नसतो. एक तर हाताळणीत बारीकशी चूक होते, नाहीतर मुलांनी डोळ्यांनी जे पाहिलं त्याहून मोठा निष्कर्ष त्यांच्या गळी उतरवला जातो. पहिली चूक लगेच लक्षात येते. दुसरी येत नाही आणि मुलं ती वर्षानुवर्षं खरी धरून चालतात.

काचपट्टीवर नुसता निळा डाग

ही सर्वांत नेहमीची तक्रार. कारणं दोनच: थर जाड झाला किंवा रंग जास्त पडला.

आधी मुलांना साध्या पाण्याने चूळ भरायला सांगा, नाहीतर अन्नाचे कणच दिसतात. कापसाची स्वच्छ काडी गालाच्या आतून पाच-सहा वेळा हलकेच फिरवायची आणि काचपट्टीच्या मधोमध एकदाच टेकवून गोल फिरवायची. घासत बसलं की पेशींना घड्या पडतात, त्या एकमेकींवर चढतात. थर मिनिटभर हवेत सुकू द्या, मग मेथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगाचं १ टक्का किंवा त्याहून सौम्य द्रावण एकच थेंब टाका आणि आणखी एक मिनिट थांबा. वरची पातळ काच सपाट टाकू नका. तिची एक कड थेंबाला टेकवून, सुमारे ४५ अंशांतून सावकाश खाली आणा, म्हणजे हवा बाहेर निघून जाते.

तरीही सगळं गडद निळं दिसलं तर काचपट्टी फेकून देऊ नका. वरच्या काचेच्या एका कडेला पाण्याचा थेंब ठेवा आणि समोरच्या कडेला टीपकागद लावा. कागद पाणी ओढून घेतो आणि जादा रंग त्याबरोबर निघून जातो.

आता पाहणं. सुरुवात सूक्ष्मदर्शीच्या १० पटीच्या भिंगाने करा. पेशी मधोमध आणा, मगच ४० पटीचं भिंग फिरवा आणि तिथून पुढे मोठ्या स्क्रूला हात लावू नका. काच फुटते ती इथेच. काहीच दिसत नसेल तर उजेड वाढवण्याची घाई होते, पण पेशी जवळजवळ पारदर्शक असल्याने डायफ्राम (उजेड आत सोडणारं छिद्र) लहान करून उजेड कमी केल्यावरच तिच्या कडा उठून दिसतात. गालाची पेशी अनियमित आकाराची, चपटी, साधारण ५० ते ६० मायक्रोमीटर (मिलिमीटरचे हजारावे भाग) रुंद असते. रंग फिकट निळा आणि आत गडद केंद्रक. अगदी गोल, जाड काळ्या कडेचं काही दिसलं तर तो हवेचा बुडबुडा. अनेक वह्यांमध्ये ‘पेशी’ म्हणून नेमका तोच काढलेला असतो.

आकृतीबद्दल आग्रह धरावा असा एक नियम: जे दिसलं तेवढंच काढायचं. या सूक्ष्मदर्शीत आणि या रंगाने तंतुकणिका (पेशीतले ऊर्जा तयार करणारे बारीक भाग) दिसत नाहीत. तरी मुलं पुस्तकातली आकृती उतरवून काढतात आणि शिक्षक गुण देतात. तिथे निरीक्षण संपतं. उलट पेशीवर बारीक निळे ठिपके दिसले तर तिथे जरूर थांबा. ते बहुधा तोंडातले जिवाणू असतात आणि ते निरोगी तोंडातही असतात. दात घासण्याबद्दल बोलायला याहून चांगली जागा नाही, फक्त त्या मुलाचं तोंड अस्वच्छ आहे असं सुचवू नका.

प्रत्येकाने फक्त स्वतःच्याच गालाचा नमुना घ्यावा. वापरलेल्या काड्या आणि काचपट्ट्या १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचमध्ये) अर्धा तास बुडवून ठेवा. हे द्रावण व्हिनेगरच्या जवळपासही येऊ देऊ नका, दोन्ही मिसळले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. पुढची कृती व्हिनेगरची असल्याने हे आवर्जून सांगायला हवं.

अंड्याचा प्रयोग आणि त्यातला घोळ

कच्चं अंडं व्हिनेगरमध्ये एक-दोन दिवस ठेवलं की कवचातलं कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं आणि मऊ पटल उरतं. २४ तासांनी व्हिनेगर बदललं नाही तर कवचाचे ठिपके राहून जातात. पटलातून पाण्याची ये-जा कशी होते हे दाखवायला हा प्रयोग उत्तम, पण वजन कधी करायचं हे चुकतं. व्हिनेगरमध्ये मुख्यतः पाणीच असल्याने अंडं तिथेच फुगतं. म्हणून कवच गेल्यावर, अंडं हलकेच टिपून, वजन करा. तो आकडा आरंभीचा. मग २४ तास साध्या पाण्यात, नंतर २४ तास साखरेच्या दाट पाकात, आणि प्रत्येक वेळी वजन. पाण्यात वजन वाढतं, पाकात घटतं.

‘हे पेशीचं पटल’ असं मात्र म्हणू नका. ते कवचाखालचं पटल आहे, पेशीपटलासारखं वागून दाखवणारं. तसंच ‘आंबट पेयात दात असेच विरघळतात’ हेही टाळा. दाताचं आवरण कॅल्शियम फॉस्फेटच्या स्फटिकांचं असतं, कवचापेक्षा कितीतरी चिवट. आम्लाने ते झिजतं, पण हळूहळू. कच्च्या अंड्याला हात लागल्यावर साबणाने हात धुवायचेच.

मॉडेल सुंदर, प्रमाण गायब

१०,००० पट हे प्रमाण ठरवून टाका. गालाची पेशी अर्ध्या मीटरची होते, रक्तातली तांबडी पेशी ७ ते ८ सेंटिमीटरची, तंतुकणिकेची रुंदी अर्धा ते एक सेंटिमीटर. पेशीपटल मात्र जेमतेम वहीच्या कागदाएवढं जाड ठरतं, त्यामुळे जाड पुठ्ठ्याचं पटल लावलं की सगळंच बिघडतं. मेरुदंडापासून पायापर्यंत जाणारा चेतापेशीचा तंतू सुमारे एक मीटर लांब असतो. या प्रमाणात तो १० किलोमीटर होईल. हा हिशेब मुलांनाच करू द्या.

सगळ्या गटांना एकच गोल पेशी बनवायला देऊ नका. एका गटाला स्नायूपेशी, एकाला चेतापेशी, एकाला तांबडी पेशी द्या. तांबड्या पेशीत केंद्रक चिकटवलं जातंय का आणि मानवी पेशीला वनस्पतीची पेशीभित्तिका लावली जातेय का, या दोन चुका तपासा.

नाडी मोजताना

अंगठ्याने मोजू नये, त्यात स्वतःचीच नाडी जाणवते. तर्जनी आणि मधलं बोट मनगटावर, अंगठ्याच्या मुळाच्या बाजूला ठेवायचं. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर एका ठोक्याची चूक चारची होते, म्हणून विश्रांतीची नाडी पूर्ण मिनिट मोजा. व्यायामानंतर मात्र नाडी झपाट्याने उतरते, तिथे थांबल्याबरोबर १५ सेकंदच मोजायचे. मग दर मिनिटाला पुन्हा मोजून ती पूर्ववत व्हायला किती वेळ लागला ते नोंदवा. आता पेशीकडे वळा: स्नायूंच्या पेशींना जास्त ऊर्जा हवी, त्यासाठी ऑक्सिजन हवा, म्हणून हृदय वेगाने चाललं. हा दुवा सांगितला नाही तर तो खेळाचा तास झाला. दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या मुलाला वेळ मोजण्याचं काम द्या, आणि ते आधीच, चारचौघांत कारण न विचारता.

आरोग्याचं बोलताना

वर्गासमोर वजन घेणं, आकडे फळ्यावर लिहिणं, कुणाच्या डब्यावर शेरा मारणं बंद. मूल लाजलं की त्या तासाला काही शिकत नाही. ‘साखर खाल्ली की पेशी मरतात’ किंवा ‘सात वर्षांत सगळं शरीर नवं होतं’ ही वाक्यंही नकोत. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी काही दिवसांत बदलतात, तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते आणि मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी जन्मभर साथ देतात. सवयींबद्दल सांगायचं तर मोजता येईल असं सांगा: ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप. आठवडाभराची नोंद मुलांनी स्वतःच्या वहीत ठेवावी आणि ती दाखवायची की नाही हे त्यांनीच ठरवावं.