फोटोत सगळे कूलर सारख्याच उंचीचे

नागपुरात ऊन तापू लागलं की कूलरची शोधाशोध सुरू. मोबाइलवरच्या खरेदी अ‍ॅपमध्ये दोन-दोनच्या चौकटीत फोटो आणि किंमत एवढंच ठळक दिसतं, म्हणून आपण रंग आणि सवलतच ताडत बसतो. टाकी 40 लिटरची की 90ची, हे आतल्या पानावर दडलेलं. सीताबर्डीच्या दुकानात निदान हवा अंगावर घेता येते! तेव्हा शक्य असेल तिथे यादीची मांडणी निवडा, 'स्पॉन्सर्ड' लिहिलेले ओलांडून खाली या, टाकीचा फिल्टर लावा. 'कंपेअर'ची सोय नसेल तर वहीत तीनच मॉडेलचे रकाने आखा: लिटर, वॅट, उंची, आणि ताट्या (पाण्याने भिजणारे बाजूचे पॅड) गवताच्या की पोळ्यासारख्या हनीकोंबच्या. एकट्यापुरता छोटा पर्सनल कूलर 45 अंशांत हॉलला पुरत नाही, पण चौकटीत तो मोठ्या डेझर्ट कूलरएवढाच दिसतो.