सोसायटीचं बिल काढणारं अ‍ॅप: थर कसे पाडावेत

गृहनिर्माण सोसायट्यांची मेंटेनन्सची बिलं काढणारं एक अ‍ॅप मी लिहिते आणि सांभाळते. फ्लास्क (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क), एसक्यूएलअल्केमी (टेबलातल्या ओळी पायथनच्या ऑब्जेक्टसारख्या वापरू देणारी लायब्ररी), पोस्टग्रेस (डेटाबेस), सगळं एकाच भाड्याच्या सर्व्हरवर. कामाला नवीन आलेली मुलं आधी विचारतात, फोल्डर किती आणि त्यांची नावं काय? थर म्हणजे कामाच्या प्रकारावरून पाडलेले कोडचे भाग; फोल्डर मागाहून होतात. आधी नियम शोधायचे, म्हणजे संगणक नसता तरी खजिनदाराला वहीत पाळावेच लागले असते ते.

आमच्याकडचे दोन घ्या. थकबाकीवर व्याज: बऱ्याच सोसायट्यांच्या उपविधींत 21 टक्के सरळव्याजाची कमाल मर्यादा असते, तिच्या आत दर किती ते सर्वसाधारण सभा ठरवते. दुसरा बिनभोगवटा शुल्काचा: सदनिका भाड्याने दिली असेल तर 1 ऑगस्ट 2001 च्या शासकीय आदेशाप्रमाणे सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त 10 टक्के, आणि तिथे सभासदाचा मुलगा किंवा मुलगी राहत असेल तर काहीच नाही.

अशा अ‍ॅपमध्ये हे नियम बहुतेक वेळा राऊटच्या, म्हणजे ब्राउझरची रिक्वेस्ट हाताळणाऱ्या, फंक्शनमध्ये सापडतात. वर फॉर्म वाचलेला, मध्ये एसक्यूएल (डेटाबेसला विचारायची भाषा), त्यातच व्याजाचा गुणाकार, खाली टेम्प्लेट (पानाचा साचा) आणि जाता जाता ईमेल. चालतं की! पण सभेने दर बदलला की तीन राऊट आणि एक टेम्प्लेट उघडावं लागतं, आणि त्यातली एखादी जागा राहून जाते.

म्हणून पहिलं काम: व्याजाचं फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये काढा. त्याला थकबाकी, दर आणि दिवस एवढंच द्यायचं, त्याने रक्कम परत करायची. आत ना रिक्वेस्ट, ना डेटाबेस, ना आजची तारीख. तारखा बाहेरून येतात, नाहीतर आज पास झालेली टेस्ट उद्या नापास होते. ही फाइल म्हणजे तुमचा डोमेन थर, नुसत्या नियमांचा. 12,000 रुपये, 21 टक्के, 45 दिवस, 365 दिवसांचं वर्ष: उत्तर 310 रुपये 68 पैसे. ही टेस्ट लिहायला ना सर्व्हर लागतो ना टेबल. पैसे मात्र फ्लोटमध्ये, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, ठेवू नका. पायथनला 0.1 अधिक 0.2 विचारलं तर तो 0.30000000000000004 सांगतो. डेसिमल वापरा, पोस्टग्रेसमध्ये न्यूमेरिक. आणि 68 पैशांचा पूर्ण रुपया करायचा का, हे खजिनदाराला विचारा. तो निर्णय प्रोग्रामरचा नाही.

मग रिपॉझिटरी, म्हणजे डेटाबेसशी बोलणारा थर. एसक्यूएल फक्त इथे. फंक्शनची नावं गरजेवरून ठेवा: 'थकबाकीदार सभासद आण', 'महिन्याचं बिल साठव'. एसक्यूएलअल्केमीचे ऑब्जेक्ट सर्व्हिसपर्यंत (राऊट आणि रिपॉझिटरी यांच्या मधला थर) वर आले तर मी खपवून घेते, टेम्प्लेटपर्यंत नाही. टेम्प्लेटमध्ये लूप फिरवताना कोणीतरी सभासदाचं नाव मागतं आणि प्रत्येक सदनिकेमागे एक गुपचूप क्वेरी सुटते. शंभर सदनिका, शंभर क्वेऱ्या, आणि पान का रखडतंय ते कोणाला कळत नाही.

खरी कसोटी लागते ती मधल्या सर्व्हिस थरात. 'पेमेंट जमा कर' हे एक काम घ्या. पावती तयार होते, खातेवहीत नोंद पडते, थकबाकी कमी होते. तिन्ही व्हावं किंवा एकही होऊ नये. म्हणून ट्रान्झॅक्शन (सगळं किंवा काहीच नाही असा नोंदींचा गट) सर्व्हिसमध्ये सुरू होतं आणि कमिटही, म्हणजे नोंदी पक्क्या करणंही, तिथेच होतं. रिपॉझिटरीच्या प्रत्येक फंक्शनने आपापलं कमिट केलं तर पावती निघून खातेवही कोरी राहू शकते, आणि मग सेक्रेटरींचा फोन ठरलेला. ईमेल कमिटनंतर पाठवा. नोंद रोलबॅक होते, म्हणजे मागे घेता येते; गेलेलं ईमेल नाही.

राऊटकडे मग फारसं उरत नाही, आणि तसंच हवं. फॉर्म वाचायचा, सर्व्हिसला हाक मारायची, आलेलं उत्तर दाखवायचं. तपासणी दोन ठिकाणी वाटून घ्या. तारीख तारखेसारखी दिसते का, रकमेत अक्षरं आहेत का, हे राऊट बघतो. या महिन्याचं बिल आधीच निघालंय का, हे सर्व्हिस बघते आणि निघालं असेल तर स्वतःचं एक्सेप्शन (अडचणीचा इशारा) फेकते. त्याचा 409 (टक्कर झाल्याचा एचटीटीपी कोड) करायचं काम राऊटचं. सर्व्हिसला एचटीटीपीचे आकडे ठाऊक असायचं कारण नाही. तरीही डेटाबेसमध्ये सदनिका आणि महिना मिळून युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा न घेण्याची अट, लावाच. घाईत बटण दोनदा दाबलं की दोन्ही रिक्वेस्ट सर्व्हिसच्या तपासणीतून एकदमच पार होऊ शकतात.

थर नीट पडलेत का, हे एका प्रश्नात कळतं: हेच काम ब्राउझरशिवाय करता येतं का? आमची बिलं 1 तारखेला पहाटे क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारं साधन) निघतात. तिथे ना रिक्वेस्ट ना सेशन, तरी तीच सर्व्हिस चालते. तुमच्या सर्व्हिसला फ्लास्कचा रिक्वेस्ट ऑब्जेक्ट लागत असेल, तर ती अजून राऊटच आहे, नुसती दुसऱ्या फाइलमध्ये राहायला गेलेली.

इम्पोर्टची, म्हणजे कोणती फाइल कोणाला बोलावते त्याची, दिशा पक्की ठेवा. राऊट सर्व्हिसला ओळखतो, सर्व्हिस रिपॉझिटरीला आणि डोमेनला. डोमेन कोणालाच ओळखत नाही. तोंडी ठरलेलं डेडलाइनच्या आठवड्यात कोणी पाळत नाही, म्हणून इम्पोर्ट-लिंटर हे तपासणीचं साधन सीआयमध्ये (कोडच्या प्रत्येक बदलावर आपोआप होणारी तपासणी) लावा. उलट्या दिशेचा इम्पोर्ट दिसला की बिल्ड लाल. थरांची कल्पना काही वेबवाल्यांची नव्हे. संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी 1968 मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हेनच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं वर्णन छापलं, तीही थराथरानेच रचलेली होती. खालचा थर तपासून मगच वरचा.

आता सूट कुठे द्यायची. नोटीसबोर्डाच्या पानाला नियम असा काही नाहीच: नोटिसा आणा, तारखेने लावा, दाखवा. तिथे राऊटने थेट रिपॉझिटरी बोलावली तर बोलवू दे. एका ओळीची सर्व्हिस, जी फक्त खालच्या फंक्शनला तेच आर्ग्युमेंट पुढे देते, ती मी रिव्ह्यूमध्ये काढायला लावते. वर्षअखेरीच्या अहवालांनाही मोठी एसक्यूएल सरळ रिपॉझिटरीत लिहिलेली परवडते. डेटाबेसमध्ये लिहिणारी कामं मात्र, म्हणजे पैसे, पावत्या, सभासदत्वाचं हस्तांतरण, सर्व्हिसमधूनच जायला हवीत.

जुनं अ‍ॅप हातात आलं असेल तर सगळं एकदम फोडू नका. गिटचा (कोडमधले बदल नोंदणारं साधन) लॉग काढा, कोणती फाइल सर्वांत जास्त वेळा बदलली ते बघा आणि तिथला एक नियम, टेस्टसकट, बाहेर काढा. वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेलं पार्किंगचं पान तसंच राहू द्या.